जुनं काय, नवं काय, बदललं कोणी

लग्नं जुळवणाऱ्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी झाडून काढले तरी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात पुन्हा साचतात!

नांदेडला आमचं वधू-वर केंद्र, लातूरला शाखा. मालक अप्पा. लातूरच्या काउंटरवर ज्योती. आणि नांदेडला कॉम्प्युटर सांभाळणारी मी, सगळ्यांची मावशी. मी दहावी नापास. डेटाबेस माझा मी शिकले, साठी ओलांडल्यावर. ज्यांना हसायचं होतं ते हसून दमले.

कुणाच्याही बायोडाटात काही बदललं की खापर ज्योतीवर! अप्पांनी तर तिला ठणकावलंच होतं, "अजून एक चूक झाली की घरी बसायचं." तिचं घर त्याच पगारावर चालतं. मला लई राग आला. मी ऑफिसातल्या आणि स्थळाकडच्या प्रत्येकाला मोबाईलवरही उघडेल असं वेगळं लॉगिन दिलं आणि डेटाबेसात ट्रिगर बसवला. ट्रिगर म्हणजे पहारेकरी. रकान्यातली माहिती बदलली, की जुनं काय, नवं काय, कोणी बदललं आणि केव्हा, हे तो आपणहून लिहून ठेवतो. चहा मागत नाही, गावाला जात नाही.

* * *

पहिल्याच दिवशी पहारेकरी वेडा निघाला! लाईट जाईल या धास्तीनं ज्योती दर शब्दाला सेव्ह दाबते. यानं प्रत्येक सेव्ह हा बदल धरला. जुनं आणि नवं वेगळं असेल तरच लिही, अशी अट मी घालेपर्यंत अप्पा यादी वाचत बसले होते. "व्यवसाय. जुना, शेती. नवा, शेती. मावशी, ह्यात बदललं काय?"

"अप्पा, शेतीत काही बदलतं का कधी!"

* * *

मग चाकूरचं एक स्थळ. 'व्यसन' हा रकाना कोरा. मुलीकडचे खूश. आठवड्यानं बघतात तर तिथं 'तंबाखू'! आणि ट्रिगर गप्प. अप्पांनी ज्योतीला फोन लावायला घेतला. म्हटलं, "ठेवा तो खाली."

दुपारभर बसून शोधलं. डेटाबेसला कोरं म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नसलेल्याची तुलना तो कशाशीही करत नाही. म्हणून कोऱ्याचं काही झालं की पहारेकरी आंधळा. कोऱ्यासाठी वेगळी अट घातली आणि मुलाच्या वडलांनाच फोन केला.

"मीच भरलं की! कोरा रकाना बरा दिसंना!"

* * *

नांदेडच्या एका बाईंची सुनेबद्दलची अपेक्षा होती, 'नोकरी करणारी नको'. पुढं झालं, 'चालेल'. त्याच्या पुढं, 'असलीच पाहिजे'. सगळे बदल त्यांच्याच लॉगिनवरून. तरी ऑफिसात येऊन भांडायला उभ्या! "तुमच्या लातूरच्या पोरीचं काम हाय हे. मी पहिल्यापासून एकच म्हणून राहिले!"

मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवला. बाईंनी चष्मा लावला, सगळं वाचलं. म्हणाल्या, "ही दुसरीच कोणी बाई हाय. पण बोलती खरं!"

* * *

नायगावचे एक गुरुजी दर दिवाळीला आपलं जन्मसाल एकानं पुढं सरकवायचे. मी फोन केला, "गुरुजी, तुमचं वय वाढंनाच की हो!"

"मावशी, लग्न थांबलंय तोवर वयाला कशाला पुढं जाऊ द्यायचं?"

* * *

आता अप्पांच्या घरचंच. त्यांची लेक गौरी, तिचाही बायोडाटा आमच्याकडंच. अप्पांची अट एकच, जावई पाच फूट आठच्या खाली नको. अटीत बसणारं एक देगलूरचं स्थळ कॉम्प्युटरनं काढून दिलं. मुलगा गौरीच्याच कॉलेजात शिकलेला, नोकरी लातूरला. नोंदणी लातूरच्या शाखेत, ज्योतीच्या हातची.

पाहुणे आले. मुलगा दारात अप्पांशेजारी उभा राहिला, तर जेमतेम त्यांच्या कानाला! चहा झाला, पाहुणे गेले, आणि अप्पा तणतणत ऑफिसात. ज्योतीला फोन, स्पीकरवर. "उद्यापासून येऊ नको!"

तिकडून ती रडत म्हणाली, "अप्पा, मी पाच-चारच भरलं होतं हो."

"रडू नको गं," मी म्हटलं. "आणि अप्पा, तुम्ही बसा."

स्क्रीनवर ओळ आली. उंची. जुनी, पाच फूट चार. नवी, पाच फूट आठ. वेळ, रविवार दुपार. बदलणारे, अप्पा.

"काहीतरीच! रविवारी दुपारी मी लातूरला लग्नात होतो."

"आणि मोबाईल?"

"तो घरी चार्जिंगला, गौरीजवळ..."

फोनवरचं रडणं थांबलं. नाक ओढत ज्योतीनंच विचारलं, "अप्पा, उद्या येऊ का मग?"

"ये. वेळेवर ये."

फोन ठेवून अप्पांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग कीबोर्ड पुढं ओढला, गौरीचा बायोडाटा उघडला आणि एका बोटानं टाईप केलं. जावयाची कमीत कमी उंची. जुनी, पाच फूट आठ. नवी, पाच फूट चार. सेव्ह.

"मावशी, हे पण लिहिलं का तुमच्या पहारेकऱ्यानं?"

"हाव."

"नाव कुणाचं घातलं?"

"तुमचंच."

"बरं," अप्पा म्हणाले. "ह्या वेळेला खरं लिहिलं त्यानं."