दारात धावणारे साडभाऊ

बसलेल्या माणसाचा आमच्या साडभाऊंइतका मोठा वैरी अख्ख्या झाडीपट्टीत शोधून सापडणार नाही. उभा माणूस त्यांना चालतो, चालणारा आवडतो, धावणारा तर सख्खा भाऊच वाटतो. पण कोणी खुर्चीत टेकलेला दिसला की यांच्या जिवाची घालमेल सुरू होते. आणि माझं दुर्दैव असं की मी स्टेशनरीचं दुकान चालवतो, म्हणजे बसणं हाच माझा धंदा आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. वयानं माझ्यापेक्षा लहान, पेशानं सरकारी दवाखान्यातला ढोरांचा डॉक्टर, आणि मुक्काम आमच्याच मूल गावात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सासरचं माणूस इतक्या जवळ राहू नये असं जुने लोक म्हणतात की नाही मला ठाऊक नाही. म्हणत नसतील तर म्हणायला पाहिजे.

माझ्या मागे ते हात धुऊन लागले त्याला कारण आहे, ते आधी सांगतो. आमच्या सासऱ्यांना तीन मुली, म्हणून आम्ही तिघं जावई. थोरले घुग्घुसचे. कापडाचं दुकान, माणूस गोड, दिवसभर गादीवर लोडाला टेकलेले. काही वर्षांपूर्वी हे धाकटे त्यांच्याकडे मुक्कामाला गेले होते. सकाळी यांनी त्यांना हलवलं, "चला भाऊ, जरा पाय मोकळे करून येऊ." थोरले कुशीवर वळून म्हणाले, "आज राहू दे, उद्या पाहू." आणि त्याच दुपारी दुकानात बसल्या बसल्याच गेले. दुखणं जुनं होतं, एका सकाळच्या फेरीनं काही फरक पडला नसता, असं तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांना पटलं, यांना नाही पटलं. त्यानंतर माझे रिपोर्ट आले. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, वजनाचं तर मशीनला विचारायचीही गरज नव्हती. बायकोनं तो कागद दोनदा वाचला आणि आत जाऊन धाकट्या बहिणीला फोन लावला. दुसऱ्या दिवशी अंधार पुरता निवळला नव्हता, तोच आमच्या फाटकात कोणीतरी धपधप पाय आपटायला लागलं.

हे घंटी वाजवत नाहीत, हाक मारत नाहीत. फाटकात उभे राहून जागच्या जागी धावतात. अंगात पिवळा गंजीफ्रॉक, कमरेला चेन तुटलेली हाफपँट, पायात जनावरांच्या दवाखान्याच्या वासाचे बूट. मी बाहेर येईपर्यंत हे धावणं थांबत नाही. मी मुद्दाम वेळ काढला, दात दोनदा घासले, तरी धपधप चालूच. समोरच्या घरातली म्हातारी खिडकीतून विचारायची, "काऊन जी डॉक्टर, जमीन दाबून राह्यले का?" यावर हे न थांबता म्हणायचे, "नाई बाई, भाऊची वाट पाहून राह्यलो. अंग थंडं होऊ द्याचं नाई." सगळ्या गल्लीला माझ्या आळसाची दवंडी. पहिल्याच आठवड्यात मी एकदा उशीतूनच ओरडलो, की उद्यापासून येतो. धपधप थांबली. इतका वेळ शांतता, की मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. खिडकीतून पाहिलं तर हे फाटकाची कडी धरून उभे. म्हणाले, "भाऊ, काही बी बोला. शिव्या द्या. थो एक शब्द माह्यासमोर नोका काढू." मी मुकाट्यानं बूट घातले.

आता ढोरांचा डॉक्टर माणसाला धावायला शिकवतो म्हटल्यावर काय होणार. सावली गावाच्या रस्त्यावर मला धाप लागली की हे माझ्या पाठीवर थाप मारून "हो, हो, हो," असं म्हणायचे. हे बैलाला थांबवायचं 'हो' असतं, मला चालवायला कसं चालेल, असं मी विचारलं तर म्हणाले, "जनावर चांगलं आहे भाऊ, नुसतं दावणीले बांधून बांधून फुगलं." माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त पाहायचे. एकदा तर रस्त्यातच जीभ काढायला सांगितली, तेव्हा बसची वाट पाहणारे लोक आमच्याकडं पाहत होते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलायला श्वास उरलेला नसायचा, हीच तर त्यांची युक्ती.

बरं, धावून सुटका होईल तर तेही नाही. त्यांनी फोनवर कुठंतरी पाहिलं, की रोज नुसतं धावलं तर गुडघे जातात, मधात मधात दुसरं काही करावं लागतं, त्याला क्रॉस ट्रेनिंग म्हणतात. शहरातले लोक त्यासाठी पैसे भरून जिममध्ये जातात. यांचं म्हणणं, "पैसे कायले भराचे? लोकायची कामं काय कमी पडली?" झालं. तेव्हापासून गावातलं कोणाचंही काम म्हणजे आमचा व्यायाम. कोणाची मोटरसायकल सुरू होत नसेल तर हे ढकलायला, आणि पेट्रोलच संपलेलं असलं तरी ढकलायला. नळाला पाणी असताना विहिरीतून बादल्या ओढायच्या, कारण त्यानं खांदे तयार होतात. गाय अडली तर वासरू ओढताना मला मागून यांची कंबर धरायला लावली, आणि वासरू आलं तेव्हा गायीच्या मालकाचे आभार यांनीच मानले. एका लग्नात तर हद्द झाली. आम्ही रस्त्यानं धावत चाललेलो, मांडवात पंगत बसत होती, वाढपी कमी पडले होते. यांनी मला आत ओढलं, हातात वरणाची बादली दिली आणि म्हणाले, "वाका भाऊ, वाका. प्रत्येक पानावर वाकाचं, गुडघ्यातून." ओळख ना पाळख, नवरा कोण नवरी कोण ठाऊक नाही, आणि मी घामेजलेल्या टी-शर्टात वरण वाढतोय. नवरीचा बाप शेवटी आम्हाला जेवल्याशिवाय सोडेना. साडभाऊ एक पोळी खाऊन उठले. मी उठलो नाही, तेवढाच काय तो माझा सूड.

माझा सगळा भरवसा वाघावर होता. आमच्याकडं वाघ म्हणजे काही पाहुणा नव्हे. सावलीच्या रस्त्याला वाघ दिसला, सकाळी कोणी एकटंदुकटं फिरू नये, असं वनखात्याचा भोंगा सांगत फिरला त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात त्या जनावराला हात जोडले आणि गजर बंद करून झोपलो. सकाळी धपधप. मी खिडकीतूनच म्हटलं, "डॉक्टर, वाघ आहे." हे म्हणाले, "थो रस्त्यावर आहे ना? आपण दवाखान्यात धावू." मग पुढचे कितीतरी दिवस आम्ही जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात, ढोरं अडकवायच्या लोखंडी खोड्याभोवती गोल गोल धावलो. पहाटे लांबून आलेले लोक आपापली जनावरं धरून उभे राहायचे. एका म्हाताऱ्यानं बैलाचा कासरा हातात धरून बराच वेळ मला पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर, याले काय झालं जी?" साडभाऊ धावता धावता म्हणाले, "याले बसणं झालं." म्हाताऱ्यानं गंभीरपणे मान हलवली आणि बैलाला जरा माझ्यापासून लांब घेतलं.

आणि मग ती रोवणी. सासुरवाडी आमची सावलीकडची, धानाची शेती. आता जावई म्हणजे काय हे सांगायला नको. जावई आला की सासू तांब्याभर ऊन पाणी आणून त्याला पाय धुवायला देते, त्याला खाटेवर बसवतात, आणि त्यानं शेतात जायचं ते फार तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, छत्री घेऊन उभं राहायला. त्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा बांधीतल्या चिखलात बाया ओळीनं धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवत होत्या. साडभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांच्या वाकण्याकडं पाहिलं, आणि मी हळूच मागे सरकलो. "भाऊ," ते म्हणाले, "कंबर, मांड्या, पोटऱ्या, सारं एकाच कामात." मी नाही म्हणेपर्यंत ते गुडघाभर चिखलात होते, आणि माझा हात त्यांच्या हातात. बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हणाली, "बाप्पा, मालकाले बाया नाई भेटल्या म्हणून जावई उतरवले." तिथून ही गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागणार. सासरे धावत आले. माणूस मानी. जावयांना मजूर केलं, असं उद्या पारावर बोललं जाणार. त्यात आम्ही रोवलेली ओळ इतकी वाकडी, की बायांना ती उपटून पुन्हा रोवावी लागली. मी धुऱ्यावर यायला निघालो, तेवढ्यात सासूबाई तिथं आल्या. हातात पाय धुवायचा तांब्या होता, खरं तर त्या दिवशी आम्हाला टाकी लागली असती. सासरे त्यांना म्हणाले, "सांग याह्यले, वर या म्हणावं." सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. म्हणाल्या, "राहू द्या त्याह्यले. चिखलात का होईना, दोघं डोळ्यासमोर हालून-चालून राह्यले." सासरे छत्री मिटून धुऱ्यावरच बसले. मी पुन्हा वाकलो आणि दिवस मावळेपर्यंत कोणाकडं मान वर करून पाहिलं नाही.

माझी साखर उतरली, हे मी कबूल करतो, पण आनंदानं नाही. रिपोर्ट पाहून साडभाऊ इतके खूश झाले, की त्यांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना तो वाचून दाखवला. माझी साखर किती, हे आता माझ्या गिऱ्हाइकांनाही पाठ आहे. एक पेन मागायला आलेला माणूस आधी विचारतो, "आज धावले का?" हीसुद्धा त्यांचीच योजना. "एकट्याच्यानं मन टिकत नाई भाऊ. दहा जणाले सांगून ठेवाचं, मंग लाजेनं पाय उचलते."

मागच्या वर्षी त्यांची बदली सिरोंच्याला झाली. पार टोकाला, जिथं बाजारात अर्धं तेलुगू चालतं. पोरीची शाळा म्हणून बायको-पोर इथंच, हे एकटे खोली करून तिकडं. मला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं, आणि त्या रात्री मी गजर बंद करून झोपलो. सकाळी उशाशी फोन वाजला. पलीकडून धपधप. "भाऊ, मी नदीच्या रस्त्यानं निघालो. तुम्ही बी निघा. फोन चालूच ठेवा." म्हणजे हे तिकडं धावणार, मी इकडं, आणि मधल्या साऱ्या जंगलातून आमचा दम एकमेकांना ऐकू येणार. बोलायचं काही नाही, नुसता श्वास. तिकडं एका वळणावर रेंज जाते, थोड्या वेळानं पुन्हा येते. मी काय कमी आहे? एकदा मी ओसरीतल्या खुर्चीत बसून, चहाचा कप हातात घेऊन, तोंडानं हा-हू, हा-हू केलं. पलीकडून आवाज आला, "भाऊ, म्हशीचा दम मले समजते, तुमचा नाई समजणार का? उठा." अर्धा कप चहा तसाच राहिला.

तर परवाची गोष्ट. मी बूट घालून फाटकात उभा, आणि फोन येत नाही. उजाडलं, दूधवाला येऊन गेला, फोन नाही. मी मनातल्या मनात चरफडत होतो, की इतकी वर्षं मला झोपू दिलं नाही आणि आज स्वतः झोपले. शेवटी मीच लावला. पुष्कळ वेळानं उचलला. धपधप नाही, दम नाही, काहीच नाही.

"डॉक्टर, निघाले नाही?"

"बूट घातले भाऊ. दारापर्यंत आलो."

"मग?"

"बसलो इथीच." मग म्हणाले, "काल घुग्घुसचे भाऊ गेल्याचा दिवस होता. इथी कोणाले सांगू? रोज एकटाच धावून राह्यलो, कोणी पाहाले नाई, कोणी विचाराले नाई. आज राहू द्या भाऊ. उद्या पाहू."

'उद्या' हा शब्द या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यांनाही तो आपण बोललो हे कळलं नसावं. समजूत घालणं मला जमत नाही, राग तेवढा जमतो. मी म्हटलं, "ते काही चालणार नाही. मी फाटकात उभा आहे. तुम्ही उठेपर्यंत इथून हलत नाही." आणि फोन कानाला लावून मी तिथंच, जागच्या जागी, धपधप पाय आपटायला लागलो. समोरच्या म्हातारीची खिडकी उघडली. दूध घेऊन आत गेलेली बायको पुन्हा बाहेर आली. तिनं माझ्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि पायरीवर उभी राहिली.

बऱ्याच वेळानं पलीकडून कडी काढल्याचा आवाज आला. मग खडीवर बूट. मग तो ओळखीचा, गेली कितीतरी वर्षं माझी झोप मोडणारा दम, आधी हळू, मग लयीत. मग ते नदीच्या वळणावर आले असावेत, कारण फोन मुका झाला.

"चहा टाकू का?" बायकोनं विचारलं.

मी हातानंच तिला थांब म्हटलं आणि पाय आपटत राहिलो. रेंज परत आली की त्यांना पहिला आवाज माझ्या दमाचा यायला पाहिजे होता.