न भिजवलेला खड्डा

गोविंदकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरबाहेर हूटगळ्ळीत एका नव्या घराच्या पायाजवळ उभा होतो. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला काही कळणार नाही... आणि मग स्वतःची अशी शिसारी आली की गवंड्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्याला दीड महिना झाला. शिसारी गेलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

काका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आपलं घराणं म्हैसुरात किती पिढ्यांचं, हे सांगताना दर वेळी त्यांची एक पिढी वाढायची. पण जमिनीच्या बाबतीत हा माणूस अर्ध्या मिनिटाचीही थाप मारायचा नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते जयलक्ष्मीपुरमहून स्कूटरवर गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत जायचे. तिथे गटाराची लाइन पोचलेली नव्हती. प्रत्येक घराला आपली सेप्टिक टाकी आणि तिचं पाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा. जमीन पाणी किती वेगाने पिते, हे काका तपासून द्यायचे. त्यासाठी एक लहान खड्डा खणायचा, त्याच्या कडा चाकूने खरवडायच्या, तळाला खडी टाकायची आणि पाणी इंचभर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहायचं. पण ते दुसऱ्या दिवशी. आधी दिवसभर पाणी ओतत राहायचं. "उपाशी माणसाला जेवतोस का, असं काय विचारायचं रे?" ते म्हणायचे. "त्याचं पोट भरू दे, मग विचार." मी नवा इंजिनिअर, त्यांच्याच हाताखाली शिकत होतो आणि मला हे म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

शिवण्णा मास्तरांच्या प्लॉटवर आम्ही गेलो तेव्हा कडक उन्हाळा होता. वर तांबडी माती, खाली काळी, भेगाळलेली. काकांनी सकाळी खड्डा करून घेतला, मला पाणी घालायला बसवलं आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी तिथे गुद्दली पूजा होती, म्हणजे आपलं भूमिपूजन. दुपारी मास्तरांच्या पत्नी आल्या आणि खड्डा बघून दचकल्या. "अय्यो, पूजेच्या दिवशी संडासाचा खड्डा उघडा? बेड, बेड, नको! आजच बुजवा!" काकांना एक फोन करायचा, एवढंच माझं काम होतं. मी केला नाही. तिथल्या तिथे पाणी मोजलं. ते भेगांतून बघता बघता खाली गेलं आणि मला आनंदच झाला. खड्डा बुजवला. सकाळी काकांना सांगितलं की पहाटे येऊन, पूजेच्या आधी मोजून घेतलं. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी आकड्याच्या कागदावर सही केली.

पुढच्या वर्षी गौरीच्या सणाला मास्तरांच्या लेकी माहेरी आल्या, घर भरलं आणि शोषखड्डा वर आला. अंगणभर घाण. मास्तरांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "जावयांसमोर मान खाली घालायला लावलीत," ते कन्नडमध्ये म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्याने जास्त लागलं. काकांनी कागद मागितला. आकडा वाचला, मग माझ्याकडे बघितलं. भिजून फुगलेली काळी माती इतका झटपट आकडा कधीच देत नाही, हे त्यांना कळलं होतं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

"मोजलं मी," काका म्हणाले. "चूक माझी."

परत येताना स्कूटरवर ते एवढंच बोलले, "नोडु, हे बघ, पुढच्या वेळी भिजव."

वसाहतीत बातमी पसरली. काकांना बोलावणं बंद झालं आणि त्यांची कामं माझ्याकडे आली. मी ती घेतली. हात आखडता घ्यावा, असं एकदाही वाटलं नाही. पुढे सात वर्षं मी प्रत्येक खड्डा नीट भिजवला, लोक मला काटेकोर म्हणू लागले, आणि दर सणाला काकांच्या पाया पडताना मी ठरवायचो की आज मास्तरांकडे जाऊन खरं सांगायचं. तेराव्याला मास्तर आले होते. काकींना म्हणाले, "देवमाणूस. आमच्याकडे तेवढी एक चूक झाली." मी पंगतीत वाढत होतो. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

मागच्या आठवड्यात मास्तरांना सांगून आलो. ऐकून ते उठून आत गेले. तिथून तडक काकींकडे गेलो. वाटलं, त्या रागावतील, नाहीतर म्हणतील, मला ठाऊक होतं रे. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यांनी मोजलंच नव्हतं?"

"नाही, काकी."

"मी सात वर्षं बोलले रे त्यांना. पाहुण्यांसमोरसुद्धा. म्हटलं, नजर गेली, डोकं गेलं, आता सुम्ने, गुपचूप घरी बसा, उगाच लोकांची घरं नासवू नका... आणि ते बसले. मला तरी सांगायचं होतं की नाही त्यांनी?"

सांगून मन मोकळं करायला मी आलो होतो, आणि माझं ओझं एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवून मोकळा होत होतो. काकींनी माळ्याकडे बोट दाखवलं. काकांची कामाची पिशवी त्यांनीच रागाने वर टाकायला लावली होती. मी स्टुलावर चढून ती काढून दिली. त्यांनी आतली उन्हाची टोपी काढली, झटकली आणि मांडीवर घेऊन बसल्या.

"आता मी माफी कुणाची मागू?" त्या म्हणाल्या.

त्या घरातून आजवर मला कुणी कॉफी घेतल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी काकींनी विचारलं नाही.