दत्तूचं तोंड आन् विम्याची खाट

आटपाट निमगाव सावा व्हतं. तिथं एक म्हातारी राहत व्हती, म्हंजी मीच. म्हातारीला एक लेक, दत्तू. लेकाला दोन बायका: एक मंदा, लग्नाची, आन् दुसरा माईक! बैलगाडा शर्यतीच्या घाटात दत्तू अनाउन्सर. बैल सुटले की त्याचं "भिर्रर्र" असं घुमायचं की चहा पिणारी माणसं कप ठिवून उठायची.

दवाखान्याचे किस्से उकिरड्यावाणी असत्यात. रोज थोडं थोडं पडतं आन् एक दिवस बघावं तर ढीग! फाल्गुनात दत्तूचं तोंड वाकडं झालं, तवा आमच्या घरी असाच ढीग साठला. चैतातली जत्रा तोंडावर, आन् तोंडच जाग्यावर न्हाई!

सकाळी चूळ भरली, तर पाणी एका बाजूनं सांडलं. डोळा मिटंना. "भिर्रर्र" म्हणाया गेला, तर नुसती हवा गेली. मंदानं तसाच मोठ्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर म्हणाला, "पक्षाघात नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. गोळ्या घ्या, बहुतेकांचं बरं होतं."

"कधी?" दत्तूनं पाटीवर लिवून इचारलं.

"ते सांगता येत नाही."

त्या दिवसापास्नं दत्तू घरात येरझाऱ्या घालाया लागला. दारातनं गोठ्याकडं, गोठ्यातनं दाराकडं. मी म्हणलं, "आरं, तुला बघून गाय बी पान्हा चोरती. बस की!" पण बसल तर शपथ.

* * *

जो येई तो एका वैद्याचं नाव घेऊन येई. कुणी म्हणं पेठला न्या, कुणी म्हणं तळेघरच्या वर डोंगरात झाडपाला देणारा हाय. ऐकून ऐकून मंदा रडकुंडीला आली.

मी म्हणलं, "दवाखाना निवडायचा तर डॉक्टरला बघायचं न्हाई, बाहेर बाकावर बसायचं."

एका नामी वैद्याच्या बाकावर मी बसले. शेजारच्या बाबाला इचारलं, "कसा हाय वो वैद्य?"

"लई भारी! माझी पोरगी बालवाडीत व्हती, तवापास्नं येतोय. आता तिची पोरगी बालवाडीत हाय."

मी दत्तूला म्हणलं, "ऊठ! इथं आजार पिढीजात सांभाळत्यात."

* * *

आता विमा. नातू अक्षय चाकणकडं कोरियन कंपनीत हाय. कंपनीनं त्याच्या आईबापाचा बी विमा काढलेला. मंदानं फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, "पेशंटशी बोलायचंय." दत्तूनं फोन घेतला, नाव सांगाया गेला, पण नावाचा निम्मा वारा झाला.

"सर, तुमचा आवाज क्लिअर येत नाहीये."

मंदानं फोन हिसकला, "ताई, त्यासाठीच तर फोन केलाय!"

मग त्या बाईनं समजावलं. देशी उपचार विम्यात बसत्यात, पण मान्यता असलेल्या दवाखान्यात एक अख्खा दिवस तरी ॲडमिट व्हायला पायजे. रोज जाऊन उपचार घेऊन घरी आलं, तर बसत न्हाई.

मी फोनात तोंड घातलं. "म्हंजी बाई, माणूस उभ्यानं बरा झाला तर तुमी न्हाई, आडवा झाला तर तुमी?"

बाई म्हणाली, "आजी, नियम तसाच आहे."

* * *

म्हणून दत्तू आयुर्वेदाच्या दवाखान्यात आडवा झाला. तेल, वाफ, काढा, समदं झालं. पण आपल्याकडं माणूस ॲडमिट झाला की अख्खं गाव भेटाया येतं. त्यात हा अनाउन्सर! पयला आला हमीदभाई. जुन्नरला त्याचं स्पीकरचं दुकान. घाटात दत्तूचा आवाज आन् त्याचे भोंगे, अशी जोडी. मग गाडामालकांच्या जीपा आल्या. शेवटी एकानं तर बैलांचा टेम्पोच गेटवर आणला. खिडकीत शिंगांच्या दोन जोड्या दिसल्या.

सिस्टर ओरडली, "पेशंटला एका वेळी दोघांनीच भेटायचं!"

हमीदभाई म्हणला, "दोघंच हायेत, सिस्टर. हिऱ्या आन् सर्जा!"

* * *

घरी आलो, पण तोंड तसंच. दत्तूनं जेवण कमी केलं. घास एका बाजूनं सांडतो म्हणून ताट घेऊन गोठ्यात जाऊन जेवाया लागला. त्यातच जत्रेची कमिटी येऊन हळूच म्हणली, "राव, यंदा दुसरा अनाउन्सर बघावा का?" दत्तू उठून गोठ्याकडं गेला.

अक्षयनं कंपनीतल्या कोरियन साहेबाला इचारलं. त्यांची माणसं जिथं सुया टोचून घेत्यात तो दवाखाना सापडला. हमीदभाईनं जीप काढली. डॉक्टर बाई कोरियन, एवढीशी, माझ्या खांद्याला लागंल. तिनं नाडी बघितली, जीभ बघितली आन् पयलं इचारलं, "मोठ्या डॉक्टरच्या गोळ्या नीट घेतल्या ना?" अक्षय मधी बसून तिचं आमाला आन् आमचं तिला सांगत व्हता.

दत्तूच्या गालावर, भुवईवर, हनुवटीवर बारीक सुया उभ्या राहिल्या. हमीदभाईनं तोंड फिरवलं. "चाची, मला भोवळ येतीया." सुया दत्तूला, आन् पाणी मारलं हमीदभाईला!

मी इचारलं, "हे विम्यात बसतं का?"

अक्षय म्हणला, "आजी, त्यांच्या देशात बसतं. आपल्या कंपनीच्या यादीत ही पद्धतच न्हाई."

"मग आरं, तोंड तिकडं नेऊनच वाकडं करायचं व्हतं!"

अक्षयनं ते बाईला सांगितलं. बाई लई हसली. पण कधी बरं व्हणार म्हणल्यावर ती बी म्हणली, "सांगता येत नाही. आरशापुढं बसून ओठ मिटायचा, फुंकायचा सराव करा."

* * *

जत्रा चार दिसांवर आली. डोळा आता मिटत व्हता, पण ओठ जुळत न्हव्हते, त्यामुळं प, ब, भ, म काय निघत न्हव्हतं. दत्तू आरशापुढं बसायचा आन् जरा वेळानं आरसा पालथा घालायचा.

आन् नेमका तवा विम्याचा साहेब चौकशीला आला. आयुर्वेदाच्या दवाखान्यात ॲडमिट झाला त्याचा क्लेम खरा हाय का बघाया. अंगणात खाट टाकली. साहेब बसला, समोर दत्तू. हमीदभाई ओट्यावर, मी चहा गाळत व्हते. मंदा पलीकडं उसाच्या कडंला गवत कापत व्हती.

"बोलताना कोणते शब्द अडतात?" साहेबानं इचारलं.

दत्तूनं ओठाकडं बोट केलं आन् मान हलवली. साहेब लिवाया लागला.

तेवढ्यात दत्तू ताडकन उठला.

"मंदेऽ! बिबट्या! बिबट्या! पळ! माझ्याकडं पळ!"

अशी आरोळी की पत्र्यावरचे कावळे उडाले! मंदा विळा टाकून पळत आली. उसाची पानं हालली, मग थांबली. साहेब बुटांसकट खाटंवर उभा.

मंदानं दत्तूला घट्ट धरलं. मग मान वर करून ती त्याच्या तोंडाकडं बघाया लागली.

"काय म्हणलात?"

"बिबट्या."

"परत म्हणा!"

"बिबट्या! मंदा! पळ!" दत्तूच्या डोळ्यातनं पाणी, आन् दोन्ही ओठ जाग्यावर.

"भिर्रर्र म्हण की, भाऊ!" हमीदभाई ओरडला.

दत्तूनं छाती भरून घेतली. "भिर्रर्रर्रर्र!"

मी साखरंचा डबाच उघडला. दत्तूच्या तोंडात घातली, मंदाच्या घातली, हमीदभाईच्या घातली. मग खाटंवर उभ्या साहेबापुढं मूठ धरली.

साहेब उसाकडं बघत म्हणला, "आजी, पण तो गेला का?"

कुणाला ठावं! आमी दत्तूला परत म्हणाया लावत व्हतो.