रिकाम्या हाडाचे ससे

हे मी कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, अल्लीपूरच्या बहिणीजवळही नाही. चार माणसांत माझं तोंडच उघडत नाही, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतच शिकले, जो कोणी हे वाचशील, काही चुकलं तर समजून घे — अक्षरांचं म्हणते. बाकीचं समजून घे, असं नाही म्हणत.

नालवाडीला आमचं वांग्यांचं आणि सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, थोडं वावर आहे. ते नवरा पाहतो. मी डॉक्टरकीच्या कॉलेजात सशांच्या खोलीत कामाला होते — पिंजरे धुवायचे, दाणा-पाणी करायचं. तिथे दातांची डॉक्टरकी शिकणारी एक पोरगी आली. मी तिला ताई म्हणायची, ती मला मावशी. अंड्याच्या टरफलांची पावडर हाडाच्या खड्ड्यात भरली तर नवं हाड लवकर येतं का, हे तिला पाहायचं होतं. जबड्याचं हाड झिजलेल्या माणसांच्या ते कामी आलं असतं. टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा आम्ही दोघी मिळून सोलत बसायचो. "मावशी, ससे नाहीत, जावई करून ठेवलेत तुम्ही," म्हणून हसायची. माझ्या डब्यातलं वांगं मागून खायची. माझ्याशी एवढं कोण बोललं होतं कधी?

सशांना भूल देऊन पायाच्या हाडाला बारीक भोक पाडलं. निम्म्यांच्या भोकात पावडर भरली. निम्म्यांचं तसंच रिकामं ठेवलं. ताईनं मला समजावलं होतं — काही रिकामी ठेवल्याशिवाय पावडरीचा गुण कळणार कसा? मला ते समजलं होतं. हेच लिहायला जड जातं. समजलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर —

पण ते ससे दुखरा पाय उचलून, अंग चोरून बसायचे. एका घरातल्या निम्म्या लेकरांना औषध, निम्म्यांना काहीच नाही — बघवतं का? आमच्या कुंपणावर हाडजोडीचा वेल आहे. लहानपणी माझा हात मोडला, तेव्हा आईनं त्याचीच चटणी खाऊ घातली होती. मी तो वेल बारीक चिरून सांबारात मिसळायची, पदराखाली न्यायची आणि रिकाम्या हाडाच्या सशांनाच घालायची. ताई यायच्या आधी. लपवून घालत होते — म्हणजे चूक ठाऊक होतीच ना?

हाडं तपासायची म्हणजे ससे उरत नाहीत. त्याचं एवढंच लिहिते.

पावडरीची हाडं आणि रिकामी हाडं, दोन्ही सारखीच भरली होती. वेलानं भरली की आपोआप, मला आजही माहीत नाही. ताईला शिकवणारे सर माझ्यासमोरच तिला म्हणाले, "पिंजऱ्यांच्या नंबरांचा घोळ केलास तू. इतका निष्काळजीपणा?"

ती माझ्याकडे वळली. "मावशी, दाण्याशिवाय दुसरं काही दिलं नव्हतं ना?"

"नाई ताई. जे द्याचं तेच देलं."

भीती वाटली होती — सरांची, काम सुटायची. पण दुपारी कोणाची भीती होती? ती नळावर हात धूत होती. धुऊन झाले तरी धूतच होती. म्हणाली, "मीच गोंधळ केला असेल का हो?" तिथे सर नव्हते. कोणीच नव्हतं. माझा एक शब्द तिला पुरला असता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "असन ताई. होते माणसाच्या हातून."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं.

मग नवे ससे आणले. भूल देताना त्यांना मीच धरलं. या खेपेला कोणालाही काही घातलं नाही. पण ताई पहिल्यासारखी राहिली नव्हती. पिंजऱ्यावरचा नंबर वाचायची, परत वाचायची, दार लावून झाल्यावर पुन्हा मागे येऊन वाचायची. डबा मागायची नाही. एक दिवस पिंजऱ्यासमोर नुसती उभी राहिली.

"मावशी, आजपासून नंबर तुम्हीच वाचा. माझा मलाच भरवसा नाही राहिला. तुमचा आहे."

मी वाचला. तिनं वर न पाहता लिहून घेतला.