तेरा वसाहतींचे मास्तर

अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मास्तर मोजायचे. चार बोटांची बारा पेरं संपली की तेराव्यासाठी दुसरा हात खिशातून बाहेर यायचा. "गेल्या. तेराच्या तेरा गेल्या." अमेरिकेतल्या वसाहती इंग्रजांच्या हातून जाऊन दोनशे वर्षं होत आली होती, पण यांचा आनंद काल तार आल्यासारखा. दुसऱ्याने मारलेल्या शत्रूचे पेढे वाटणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

लंडनमधल्या ईलिंगच्या एका शाळेत मी गणित शिकवत होते, ते इतिहास. ठाण्याला वीस वर्षं मॅट्रिकचे वर्ग घेतलेला एम. ए. माणूस. इथे अकरा वर्षं त्यांना सगळ्यात खालचा वर्गच मिळाला. इतिहासाचा हेड त्यांना स्टाफरूममध्ये सर्वांदेखत म्हणाला होता, "ओ-लेव्हलला आमचा इतिहास असतो. तो तुम्हाला कसा जमणार?" ओ-लेव्हल म्हणजे इथली मॅट्रिक. आणि त्याच्या वर्गातल्या त्या इतिहासात कॅनडा जिंकला की एकदम नेपोलियन यायचा. मधला अमेरिकेतला पराभव गाळलेला. मास्तर ते शब्द विसरले नाहीत. खरं सांगते, मीही नाही.

शहात्तरच्या वसंतात हेडची पाठ धरली, ऑपरेशन ठरलं आणि ओ-लेव्हलचा वर्ग मास्तरांकडे आला. नेपोलियन तेवढा शिकवायचा राहिला होता. मास्तरांनी अमेरिका काढली.

मी दाराशी उभी राहून ऐकायचे. लंडनच्या पार्लमेंटात ज्यांचा एक माणूस नाही त्यांच्यावर कर कसे बसले, चहाच्या पेट्या समुद्रात कशा गेल्या, फ्रेंच मदतीला कसे धावले. शरणागतीच्या दिवशी इंग्रज सेनापती तलवार द्यायला स्वतः आलाच नाही, बरं नाही म्हणून हाताखालच्याला पाठवलं, हे सांगताना त्यांना गुदगुल्या व्हायच्या. मग आवाज खाली यायचा. "लढणं सोपं, मुलांनो. एकमेकांशी न पटणाऱ्या माणसांनी नंतर खिडक्या लावून उन्हाळाभर एका खोलीत बसायचं आणि एक देश लिहून काढायचा, हे कठीण."

"अहो सर, आणि नेपोलियन?" मी एकदा विचारलं.

"बाई, टू हंड्रेड इयर्स होताहेत. क्वेश्चन येणारच. लिहून ठेवा."

शताब्दी बघून प्रश्न ओळखायचा ही आपल्याकडची जुनी विद्या. ठाण्यात त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता. फळ्यावर त्यांनी तीनदा 'आयएमपी' लिहून खाली रेघ मारली. इंग्रज आपल्या पराभवाची द्विशताब्दी प्रश्नपत्रिकेत साजरी करील, हे आपल्याच माणसाला सुचू जाणे.

पेपरात अमेरिकेवर एक ओळ नव्हती. नेपोलियनवर प्रश्नच प्रश्न. चौदा मुलं नापास झाली, त्यातली निम्मी आपल्याकडची, पंजाबी घरांतली.

"सूड त्याच्यावर घ्यायचा होता बाई, घेतला पोरांवर," ते मला म्हणाले. ऑपरेशनहून परतलेला हेड ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "नेव्हर माइंड," म्हणाला, आणि हसला. मास्तरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

मग ते चौदाही मुलांच्या घरी स्वतः गेले, आईबापांची माफी मागितली आणि दर रविवारी मुलांना आपल्या बैठकीत बसवून नेपोलियन शिकवला. एक शब्द अमेरिकेचा काढला नाही. नोव्हेंबरच्या फेरपरीक्षेत चौदाच्या चौदा पास.

जानेवारीत हेडने शाळेच्या सकाळच्या असेंब्लीत निकाल वाचला. "माझ्या डिपार्टमेंटचं यश," म्हणाला. मी शिक्षकांच्या रांगेतून उठले आणि ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव मोठ्याने घेतलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एकेक करून ती मुलं उभी राहिली.

हेडचा चेहरा उतरत गेला. तो पाहायला मास्तर नव्हते. ते लंडनबाहेर ब्रॅकनेलच्या एका गोदामात खोकी बांधत होते. म्हणून दोघांच्या वाटणीचं मीच पाहून घेतलं.