तीन छोट्या लेन्स आणि सलीमभाईंच्या दुकानाचं शटर

दिवाळीनंतरचा एक शुक्रवार. सलीमभाई जुम्म्याच्या नमाजला गेले की त्यांच्या हार्डवेअर दुकानाचं शटर तासभर खाली असतं... आणि दिग्रसमध्ये माझं कृषी केंद्र बरोबर त्यांच्या समोर. मी ट्रायपॉड उचलला आणि रस्ता ओलांडला.

कारण सांगतो. माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर रोजच्या वापराला एकच छोटी प्राइम लेन्स ठेवायची आणि बाकीच्या विकून टाकायच्या, असं ठरवलं होतं. प्राइम म्हणजे झूम नसलेली. जवळ-दूर जे काही व्हायचं ते आपल्या पायांनी!

माझ्याकडे तीन होत्या... २३, २७ आणि ३५ एमएम. फोटोग्राफीचा एकही क्लास न करता, मॅन्युअलचं पान न् पान वाचून शिकलेला माणूस मी. यूट्यूबवाल्यांच्या शब्दावर लेन्स निवडणं मला जमत नाही.

लेन्स तपासायला शटरच्या आडव्या पट्ट्यांसारखा टेस्ट चार्ट विकतही मिळणार नाही. ऊन सारखं, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक सारखं, आणि लेन्स बदलली की ट्रायपॉड मागेपुढे, म्हणजे फ्रेममध्ये प्रत्येक वेळी तेवढ्याच पट्ट्या याव्यात. एवढं केलं नाही तर त्याला तुलना म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

३५ चेहऱ्यांना झकास, पण आमच्या दुकानांत मागे सरकायला जागा कुठे? पाठ थेट खताच्या थप्पीला टेकते. २३ मध्ये अख्खं दुकान मावतं, पण कडेला उभ्या असलेल्याचं तोंड ताणलं जातं. २७ ही थालीपिठासारखी चपटी... कॅमेऱ्यासकट जॅकेटच्या खिशात जाते. फोकस करताना जरा घुरघुरते, तेवढं चालवून घ्यायचं.

तर २३ लावून व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि दिसलं की मधल्या पट्ट्यांना पोक आलंय. २७ लावली, तरी पोक. ३५ लावली, तरी तेच!

लेन्समुळे रेषा वाकतात त्या कडेला, मधोमध नाही. हे मला पाठ आहे. काढलेले फोटो मागच्या स्क्रीनवर पाहिले तर पट्ट्या एकदम सरळ. म्हणजे लेन्स निर्दोष, बिघडला तो व्ह्यूफाइंडर. सर्व्हिस सेंटरला पाठवायचा कडक ईमेल मनात लिहूनही झाला होता.

तेवढ्यात टोपी खिशात घालत सलीमभाई आले.

"काय भाऊ, माह्या शटरले स्थळ पाहून राह्यले का? एवढे फोटो तं माह्या पोरीचेही नाही काढले आम्ही!"

मी त्यांना ईमेलपर्यंतचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पाहा तुम्हीच. मधातली पट्टी वाकडी दिसते ना?"

त्यांनी डावा डोळा लावला. "सरळ तं आहे."

"उजवा डोळा लावा. डाव्याने नाक स्क्रीनला घासतं," मी शिकवलं.

"मले याच डोळ्यानं जमते. तुम्हीच पाहा बरं डाव्यानं... शटर माह्यं आहे भाऊ, वाकडं असतं तं खाली तरी आलं असतं का?"

त्यांना खोटं ठरवायलाच मी डावा डोळा लावला. पट्ट्या सरळ. उजवा लावला... पोक.

कॅमेरा बाजूला ठेवला. डाव्या डोळ्यावर हात धरून नुसतंच शटरकडे पाहिलं. पट्ट्या वाकड्याच, आणि मधोमध एक पुसट डाग. मला शुगर आहे. गोळ्या वेळेवर घेतो, पण डोळ्यांची तपासणी मात्र कायम पुढच्या महिन्यात...

"सलीमभाई, कॅमेरा चांगला आहे," मी डोळ्यावरचा हात काढून म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्धं उचललेलं शटर परत खाली ओढलं आणि कुलूप लावलं. मी म्हणालो, उद्या सकाळी पाहू. "उद्या नाही अन् परवा नाही. चला!" ऐन दुपारचं गिऱ्हाईक सोडून हा माणूस माझ्यासोबत यवतमाळच्या एसटीत बसला.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौकटींचा कागद समोर धरला, एकेक डोळा झाकायला लावला, मशीनवर तपासलं. डोळ्याच्या पडद्यावर मधोमध सूज होती. म्हणाले, "बरं झालं आलात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो. लोकांना कळतं तोवर फार उशीर होतो."

डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल, असंही सांगितलं. बाहेर बाकावर सलीमभाई म्हणाले, "मंग, तो ईमेल आता कोणाले धाडता? वरच्याले?" मला इतकं हसू आलं की नर्सबाईंनी दटावलं.

इंजेक्शनं झाली, शुगरही आटोक्यात आली. नजर बरीच परतली आहे. अजून किंचित बाक दिसतो कधीकधी, पण डाग गेला.

लेन्सचं विचाराल तर २७ ठेवली, इतर दोन विकल्या. पण खरं सांगायचं ते हे, की शुगर असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. आणि अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहत जा. फुकट आहे.

मला डॉक्टरांनी रोज सकाळी पाहायला सांगितलंय. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजांकडे पाहतो आणि गजांसमोर ओट्याशी बायको उभी असते. काल वैतागली. "रोज रोज एक डोळा झाकून माह्याकडे काहून पाहून राह्यले जी? शेजारचे काय म्हणतीन?"

काय सांगू तिला... डावा डोळा झाकला की उजव्याला गज सरळ दिसतात, आणि बरोबर मधोमध ती दिसते, कपाळावरच्या टिकलीसकट. देवाचे, डॉक्टरांचे आणि सलीमभाईंचे मनोमन आभार मानतो, आणि मगच चहाचा कप हातात घेतो.