डबा माथ्यावरच उघडायचा

आमच्या नाशिकच्या कॉलनीत रविवारी माणसं उशिरा उठत, मटण आणत आणि दुपारी ताणून देत. सत्तरच्या दशकातला रविवार असाच असायचा. आम्ही मात्र सकाळच्या पहिल्या एसटीत. कारण आई. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, वणीजवळच्या खेड्यात वाढलेली, आणि डोंगर दिसला की तिचे पाय शिवशिवत. वडील कारकून. रविवारची झोप मोडून डोंगर चढायचा हे त्यांना कधीच पटलं नाही, पण आईला आमच्यासोबत एकटीला पाठवायचं हेही पटत नसे. म्हणून ते यायचे आणि सगळ्यांत मागे राहायचे. अंजनेरीच्या चढावर मोळी घेऊन उतरणारी एक बाई एकदा आईला म्हणाली, "बाई, तुमचं मालक लय मागं राहिलं. बसलेत का पडलेत, बघा तरी!" वडिलांनी ते ऐकलं आणि पुढचा टप्पा रागारागाने चढले. तरी शेवटचेच.

डोंगरावर आईचा कायदा चाले. चढावर बोलायचं नाही, दम जातो. लेण्यांवर गेलो तर आधी स्तूपाला वंदन, मग बाकीचं. आणि डबा माथ्यावरच उघडायचा, वाटेत कितीही भूक लागो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्यातही पहिला घास जो सगळ्यांत शेवटी पोचेल त्याला. मला हा सरळसरळ अन्याय वाटायचा. मी पळत पळत पहिली यायची, आणि दशमीचा पहिला तुकडा धापा टाकत आलेल्या वडिलांना! हा नियम तिने त्यांना लाज वाटू नये म्हणूनच केला होता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

मग आईला संधिवाताने गाठलं. गुडघे सुजले, शाळेत जाणं रिक्षाने सुरू झालं, डोंगर बंद. आम्ही तळमजल्यावर राहायचो, आणि गच्चीवर जायला एकोणीस पायऱ्या होत्या. त्याही तिने सोडल्या. पापड वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं. तिने कधी तक्रार केली नाही, आणि तेच आम्हाला सहन होत नसे. खरं तर वडिलांना आता मनसोक्त झोपता आलं असतं. पण रविवारी ते पाचलाच उठून पलंगावर बसून राहायचे.

ऑफिसात कुणीतरी त्यांना सांगितलं की मुंबईहून टीव्हीवर भटकंतीचा एक कार्यक्रम लागतो, डोंगरदऱ्या अगदी घरबसल्या दिसतात. झालं. महिन्याभरात सरकत्या लाकडी शटरचा टीव्ही घरात आला.

पण त्या काळी मुंबईचं चित्र नाशिकला सुखासुखी येत नसे. गच्चीवर उंच पाइप, त्यावर अँटेना, खाली बूस्टर, आणि एवढं करून जरा वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. म्हणून कार्यक्रम लागला की वडील गच्चीवर पाइप धरून उभे, मी जिन्यात, आणि घरात आईभोवती शेजारपाजार. "आलं का?" वडील वरून ओरडायचे. "आलं!" मी खालचं ऐकून वर सांगायची. टीव्ही ज्याने आणला त्या माणसाने तो कार्यक्रम एकदाही धड पाहिला नाही. मी एकदा म्हटलं, "मी धरते पाइप, तुम्ही बघा." तर म्हणाले, "तुझ्या आईने बघितलं ना? मग झालं."

आई आपला कायदा टीव्हीपुढेही पाळायची. त्या दिवशी दशम्या व्हायच्या, डबा मांडीवर असायचा, आणि पडद्यावरची मंडळी माथ्यावर पोचल्याशिवाय झाकण निघायचं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा हात पुढे केला, तर आई म्हणाली, "थांबा, अजून खिंडच आलीय." चित्र मध्येच गेलं की डबाही तसाच स्वयंपाकघरात परत. लोक टीव्हीपुढे बसून जाड होतात म्हणे. आमच्या घरात उपास घडायचे.

एका उन्हाळ्यात कळलं की या वेळी अंजनेरी दाखवणार. आईचा शेवटचा डोंगर तोच. संध्याकाळी खोली गच्च भरली. गावामागची वाट दिसली, आई पुढे सरकली. "आता पायऱ्या येतील," ती म्हणाली, आणि पायऱ्या आल्या. मंडळी निम्म्यात पोचली आणि मुंग्या.

"आलं का?" "नाही!" "आता?" "नाही हो!" वडील पाइप फिरवून थकले. काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू." आई गुडघ्यांवर हात देऊन उठली, डबा घेतला आणि जिन्याकडे आली. मी बाजूला झाले. तिने कठड्याला धरलं आणि पहिली पायरी चढली.

वडील वरून ओरडत होते. "आलं का? अगं, बोल की!" मी तोंड उघडणार तोच आईने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. चढावर बोलायचं नाही. दर पायरीवर ती थांबायची, आणि मी तिच्या थोडी पुढे राहून एकेक पायरी मोजत होते. वरून वडिलांची चिडचिड चालूच होती, "सगळे झोपले की काय खाली!"

एकोणिसावी पायरी संपली. वडिलांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या हातून पाइप सुटला. तो आपोआप गर्रकन फिरला, आणि खालून एकच गलका झाला, "आलं! आलं! माथा आला!" आम्ही कुणीच खाली गेलो नाही. समोर लेण्यांचा डोंगर उतरत्या उन्हात लख्ख दिसत होता. आई टाकीला टेकून धापा टाकत हसत होती.

वडिलांनी तिच्या हातातून डबा घेतला, झाकण काढलं, दशमीचा तुकडा मोडून चटणीला लावला. सवयीने तो त्यांच्याच तोंडात जायला हवा होता. त्यांनी तो आईपुढे धरला.

"शेवटी तू आलीस," ते म्हणाले.